एका लहान शर्यतनौकेचा इतिहास

१९३० सालच्या सप्टेंबर महिन्यांत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील न्यूपोर्ट बंदराबाहेर दोन प्रचंड शिडाच्या नौकांची शर्यत झाली. एक होती चहाचे जगप्रसिद्ध व्यापारी सर टॉमस लिप्टन यांची ‘शॅमरॉक’, त्या नांवाची पांचवी. आणि दुसरी होती अमेरिकन धनिकांच्या एका मंडळानें बांधविलेली ‘एंटरप्राइझ’. तिचें सुकाणू हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांच्या हातीं होतें. प्रत्येक नौकेची लांबी सुमारें १२० फूट, आणि तिचीं शिडें हाकण्यास दोन डझनांहून अधिक माणसें लागत. ‘अमेरिका कप’ हा मानाचा चषक आपल्या देशाकडे नेण्याची लिप्टन यांची ती पांचवी खटपट होती, व तीही निष्फळ ठरली. परंतु विजयी ‘एंटरप्राइझ’चें आयुष्य तरी कितीसें मोठें होतें? एका हंगामाचें काम संपतांच ती कांठाला लागली आणि १९३५ सालीं मोडींत निघाली.

त्याच अमेरिकेंत पुढच्याच वर्षीं आणखी एक शर्यतनौका जन्मास आली. तिची लांबी होती अवघी साडेपंधरा फूट. तिच्यासाठीं धनिकांचें मंडळ भरलें नाहीं. तिचा जन्म एका मासिकाच्या पानांवर झाला. ‘एंटरप्राइझ’ आज केवळ चित्रांतून पाहावयास मिळते. परंतु या छोट्या नौकेच्या तीस हजारांहून अधिक बहिणींना आजवर क्रमांक मिळाले असून जगाच्या अनेक देशांत त्या अद्याप धांवत आहेत. ‘स्नाइप’ हें तिचें नांव. तिची हकीकत केवळ नौकाबांधणीची नाहीं. शर्यत कोणाची, धनिकाची कीं कुशलाची, या जुन्या प्रश्नाला मिळालेलें तें एक उत्तर आहे.

हा प्रश्न नीट समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल. घोड्यांच्या शर्यतींत जसा जनावराचा गुण आणि स्वाराचा गुण एकमेकांत मिसळलेला असतो, तसाच शिडांच्या शर्यतींत नौकेचा आणि नाविकाचा. लांब नौका स्वभावतःच आंखूड नौकेहून अधिक वेगानें जाते. मोठें शीड अधिक वारा धरतें. हलकें लांकूड वापरलें तर वेग आणखी वाढतो. तेव्हां ज्याच्यापाशीं पैसा अधिक, त्याची नौका पुढें, असा प्रकार होऊं लागला. यावर उपाय म्हणून मोठ्या नौकेनें लहान नौकेला वेळेची सूट द्यावी, अशीं गणितें निघालीं. परंतु कारागिरांची बुद्धि गणितापेक्षां चपळ. सूट तर मिळावी आणि वेगही साधावा, अशा युक्तीनें दरवर्षीं नव्या नौका बांधल्या जाऊं लागल्या, आणि गेल्या वर्षींची नौका यंदां निरुपयोगी ठरूं लागली.

१८८७ सालीं आयर्लंडांतील डब्लिनच्या उपसागरांत कांहीं हौशी मंडळींनीं यांतून एक सरळ वाट काढली. टॉमस मिडलटन यांच्या पुढाकारानें त्यांनीं तेरा फूट लांबीच्या, हुबेहूब एकाच आराखड्याच्या नौका बांधून घेतल्या आणि त्यांना ‘वॉटर वॅग’ असें विनोदी नांव दिलें. नौका सारख्या, शिडें सारखीं, मग पुढें जाईल तो आपल्या कौशल्यानेंच जाईल, हा त्यामागील विचार होता. एकाच आराखड्याच्या नौकांचा जगांतील पहिला वर्ग तो हाच, असें मानलें जातें. समतेचें हें तत्त्व पुढें सर्वत्र पसरलें. पण त्याला एक मर्यादा होती. प्रत्येक उपसागराच्या नौका त्या उपसागरांतच राहत. दहा कोसांवरील दुसऱ्या क्लबाशीं सामना द्यावयाचा, तर तिकडची नौका वेगळी आणि इकडची वेगळी. अमेरिकेंत १९११ सालीं निघालेल्या ‘स्टार’ नौकेनें ही मर्यादा बरीच ओलांडली. तथापि साडेबावीस फुटांहून लांब आणि तळाशीं वजनदार लोखंडी कणा असलेली ती नौका रस्त्यानें इकडून तिकडे नेणें हें सामान्य माणसाचें काम नव्हतें.

या सुमारास अमेरिकन जीवनांत एक मोठा पालट झाला होता. १९३० पर्यंत त्या देशांत दोन कोटींहून अधिक मोटारी धांवूं लागल्या होत्या. शेतकरी, कारकून, दुकानदार यांच्या दारांतही मोटार उभी राहूं लागली, आणि मोटारीच्या मागें जोडून ओढावयाची दोन चाकांची ट्रेलर गाडीही लोकांच्या परिचयाची झाली. तिच्यावर नौका चढवितां आली, तर नाविक आपल्या उपसागराचा बंदिवान राहणार नव्हता. शनिवारीं निघावें, दुसऱ्या गांवच्या सरोवरांत शर्यत खेळावी आणि रविवारीं रात्रीं घरीं यावें, असें शक्य झालें असतें. मात्र तशी नौका हवी होती.

१९३१ च्या आरंभीं फ्लॉरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील शर्यतसंघानें नेमकी हीच मागणी केली. ती ऐकणारे गृहस्थ होते विल्यम क्रॉस्बी. ते नौकांचे आराखडे करणारे तज्ज्ञ होतेच, शिवाय न्यूयॉर्कच्या ‘द रडर’ या नौकाविषयक मासिकाचे संपादकही होते. वाचकांना घरीं बांधतां येतील अशा नौकांचे आराखडे छापण्याची त्या मासिकाची जुनी परंपरा होती, आणि अशा नौकांना पांखरांचीं नांवें देण्याचाही तेथें प्रघात होता. क्रॉस्बी यांनीं आपल्या नव्या नौकेस ‘स्नाइप’, म्हणजे आपल्याकडील पाणलावा, या पांखराचें नांव दिलें, आणि जुलै १९३१ च्या अंकांत तिचा आराखडा प्रसिद्ध केला.

या आराखड्यांतील प्रत्येक निर्णय कोणासाठीं घेतला होता, हें पाहण्यासारखें आहे. त्या काळच्या बहुतेक उत्तम शर्यतनौकांचा तळ गोलाकार असे. गोल तळ पाण्याला कमी विरोध करतो खरा. पण त्यासाठीं प्रत्येक फळी वेगळ्या आकारांत कापावी लागते, वाफेवर तापवून वांकवावी लागते, आणि तें काम मुरलेल्या कारागिराचेंच. क्रॉस्बी यांनीं गोलाई सोडून दिली. त्यांच्या नौकेचा तळ मध्यावर किंचित् उतरत्या अशा दोन सपाट बाजूंचा, आणि या बाजू नौकेच्या कुशींना एका स्पष्ट कोनांत मिळतात. सपाट बाजूंवर सरळ फळ्या बसविणें साध्या सुतारालाच काय, करवत व रंधा हातांत धरूं शकणाऱ्या कोणालाही जमण्यासारखें होतें. वेगांत जें थोडें गमवावें लागलें, तें सर्वांचेंच सारखें गेल्यानें शर्यतीच्या न्यायांत उणें पडलें नाहीं.

दुसरा निर्णय कण्याचा. शिडावर वाऱ्याचा दाब आला कीं नौका आडवी सरकूं लागते. तिला रोखण्यासाठीं पाण्यांत खोल जाणारें कांहीं तरी हवें असतें. मोठ्या नौकांत त्यासाठीं जड कणा असतो. स्नाइपमध्यें मात्र मध्यभागीं एका उभ्या पेटींतून खालीं सोडण्याची व वर ओढण्याची धातूची पाटी आहे. ती वर ओढली कीं नौका गुडघाभर पाण्यांत तरंगते, वाळूवर ओढतां येते आणि ट्रेलरवर सपाट बसते. नौकेंत माणसें दोन : एक सुकाणूशीं, दुसरा पुढच्या लहान शिडाशीं. नौका एका अंगास कलूं लागली, तर तिला तोलण्यास या दोघांच्या देहाचें वजन एवढेंच साधन. नौकेची रुंदी सुमारें पांच फूट. त्यामुळें रस्त्यावर ती मोटारीच्या रुंदीबाहेर जात नाहीं. अशा रीतीनें पाण्यावरील गरज आणि रस्त्यावरील गरज या दोहोंचा मेळ तिच्यांत घातला गेला.

हा आराखडा बाहेर पडला तो काळही ध्यानांत घेतला पाहिजे. १९२९ च्या शरदांत न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला होता. बँका बुडत होत्या, कारखान्यांचीं दारें बंद होत होतीं, आणि १९३३ च्या सुमारास अमेरिकेंतील काम करणाऱ्या दर चार माणसांपैकीं जवळजवळ एक बेकार होता. अशा वेळीं नवी शर्यतनौका विकत घेण्याचा विचार थोड्यांच्याच मनांत आला असता. परंतु मासिकाचा अंक, थोडें लांकूड, खिळे, रंग आणि संध्याकाळचा रिकामा वेळ एवढ्यावर नौका होत असेल, तर गोष्ट वेगळी. मिसिसिपी राज्यांतील पास क्रिश्चन या किनाऱ्यावरील गांवीं चौदा वर्षांच्या एका मुलानें अंकांतील आराखडा समोर ठेवून पहिली स्नाइप बांधली, आणि शिडावरील क्रमांक एकचा मान तिला मिळाला. नौकेच्या साधेपणाचा याहून चांगला पुरावा क्रॉस्बी यांनाही देतां आला नसता.

पाहतां पाहतां आराखडा गांवोगांव गेला. मोटारी ठेवण्याच्या खोल्यांत, तळघरांत, शाळांच्या कर्मशाळांत स्नाइप बांधल्या जाऊं लागल्या. १९३२ सालीं या नौकांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. प्रत्येक नौकेला एक अनुक्रमांक देणें, तो तिच्या शिडावर लिहिणें, आणि मोजमाप झाल्याखेरीज कोणत्याही नौकेस शर्यतींत न घेणें, अशी शिस्त तिनें घालून दिली. १९३६ पर्यंत स्नाइप ही जगांतील सर्वांत मोठ्या संख्येची शर्यतनौका झाली होती. समुद्रापासून शेंकडों मैल दूर असलेल्या अमेरिकेच्या मध्यभागांतील सरोवरांवर आणि धरणांच्या जलाशयांवरही तिचीं शिडें दिसूं लागलीं. कारण तेथवर रस्ता जात होता, आणि या नौकेला तेवढें पुरे होतें.

युरोप व दक्षिण अमेरिका या खंडांतही तिनें चांगलें मूळ धरलें. १९५१ सालीं ब्यूनोस आयर्स येथें भरलेल्या पहिल्या पॅन-अमेरिकन क्रीडास्पर्धांत तिला स्थान मिळालें. ऑलिंपिकमध्यें तिचा प्रवेश कधींच झाला नाहीं; पण ऑलिंपिकचे वीर तिच्याकडे आले. १९४८ ते १९६० या काळांत ओळीनें चार ऑलिंपिक सुवर्णपदकें मिळविणारे डेन्मार्कचे पॉल एल्व्हस्ट्रॉम यांनीं १९५९ सालीं ब्राझीलमधील पोर्टो अलेग्रे येथें स्नाइपचें जगज्जेतेपद जिंकलें.

परंतु या यशाच्या पोटांतच एक अडचण दडलेली होती. नौका सर्वांच्या एकसारख्या हव्यात, हें मूळ तत्त्व. आणि नौका ज्याची त्यानें घरीं बांधावी, ही तिची खुबी. हीं दोन एकत्र कशीं नांदणार? दहा स्वयंपाकघरांत एकाच पाककृतीनें केलेल्या पुरणपोळीची चव दहा प्रकारची लागते. मग दहा हातांनीं बांधलेल्या नौका एकसारख्या कशा होतील? कोणाची फळी थोडी जाड, कोणाचा कोन थोडा उघडा, कोणाचें लांकूड हलकें. शिवाय चुकीनें होणारा फरक आणि हेतुपुरस्सर केलेला फरक यांत भेद करणें कठीण.

यासाठीं संघटनेनें मोजपट्टी हातांत घेतली. नौकेच्या ठराविक ठिकाणीं आकाराच्या फळ्या लावून पाहणें, किती कमीअधिक चालेल याची मर्यादा बांधणें, नौका तराजूवर चढवून तिचें किमान वजन पाहणें असे नियम ठरले. आजच्या नियमांत हें किमान वजन ३८१ पौंड आहे. पण एवढ्यानेंही भागलें नाहीं. एकूण वजन नियमाप्रमाणें ठेवूनही नौकेचीं दोन्ही टोकें हलकीं करावीं आणि उरलेलें वजन मध्यभागीं आणावें, अशी युक्ति निघाली. अशी नौका लाटेवर कमी डोलते व म्हणून अधिक वेगानें जाते. तराजूला मात्र यांतलें कांहींच कळत नाहीं. तेव्हां नौका टांगून तिला हेलकावे द्यावयाचे, आणि एका हेलकाव्याला किती काळ लागतो तें घड्याळावर मोजावयाचें, अशी चांचणी पुढें आली. वजन मध्यभागीं गोळा झालेलें असेल, तर हेलकावा लवकर पुरा होतो आणि लबाडी उघडी पडते. घड्याळाच्या लंबकाचें शास्त्र अशा रीतीनें शर्यतीच्या न्यायासनावर बसलें.

दुसऱ्या महायुद्धानंतर साहित्य बदललें. प्रथम प्लायवुड आलें, आणि त्यामागून फायबरग्लास. लांकडी नौका तुकड्या-तुकड्यांनीं जोडून उभी करावी लागते. फायबरग्लासची नौका सांचांत ओततात म्हटलें तरी चालेल. गुळगुळीत सांचावर काचेच्या तंतूंचें कापड पसरून त्यांत राळ भिनवावयाची, ती घट्ट झाली कीं कवच उचलून घ्यावयाचें. त्याच सांचांतून दुसरें, तिसरें, शंभरावें कवच निघतें, आणि तें पहिल्यासारखेंच असतें. सारखेपणाचा प्रश्न यामुळें पुष्कळ सुटला. परंतु चांगला सांचा करणें खर्चाचें काम. तें कारखान्यालाच परवडतें. आज शर्यतींत उतरणाऱ्या बहुतेक स्नाइप अशा कारखान्यांतूनच येतात. चौदा वर्षांच्या मुलानें अंक समोर ठेवून नौका बांधावी, तो काळ या वर्गापुरता तरी मागें पडला.

घरीं बांधण्याची परंपरा मात्र दुसरीकडे जिवंत राहिली. इंग्लंडमध्यें १९६३ सालीं ‘मिरर’ नांवाची नौका एका दैनिकाच्या आश्रयानें निघाली. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल हे तिचे कर्ते. प्लायवुडचे कापून ठेवलेले तुकडे एका खोक्यांतून घरीं येत. ते तांब्याच्या तारेनें शिवावयाचे आणि शिवणीवर काचतंतूची पट्टी व राळ चढवावयाची, कीं नौका तयार. संबंध सामानाची किंमत ६३ पौंड ११ शिलिंग ठेविली होती, आणि अशा सत्तर हजारांवर नौका झाल्या. त्याच सुमारास, १९६२ सालीं, पीटर मिल्न यांनीं ‘फायरबॉल’ ही सोळा फुटी, सपाट बाजूंची, प्लायवुडमध्यें घरीं बांधतां येण्याजोगी वेगवान नौका काढली. या फायरबॉलचा महाराष्ट्राशीं एक अभिमानास्पद संबंध आहे. १९८२ सालच्या आशियाई क्रीडास्पर्धा दिल्लीस भरल्या, तरी त्यांतील शिडाच्या नौकांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रांत झाल्या. आणि फायरबॉल वर्गाचें सुवर्णपदक फारोख तारापोर व झरीर करंजिया या भारतीय जोडीनें जिंकलें. हौशी सुतारासाठीं काढलेली नौका खंडाच्या अजिंक्यपदाला पुरी पडते, याची साक्ष मुंबईच्या पाण्यानें अशी दिली.

स्नाइपच्या अगदीं उलट वाटेनें जाणारी नौका कॅनडांत निघाली. १९६९ च्या ऑक्टोबरांत औद्योगिक वस्तूंचे रचनाकार इयन ब्रूस यांनीं ब्रूस कर्बी यांना दूरध्वनि केला. मोटारीच्या टपावर नेतां येईल अशी एक छोटी नौका त्यांना हवी होती, आणि बोलतां बोलतांच कर्बी यांनीं कागदावर तिचें रेखाटन केलें. क्रॉस्बींप्रमाणेंच कर्बीही एका नौकाविषयक मासिकाचे संपादक होते. शिवाय ते कॅनडातर्फें ऑलिंपिकमध्यें उतरलेले नाविक. शीड हान्स फोग यांनीं केलें. १९७१ च्या जानेवारींत न्यूयॉर्कच्या नौकाप्रदर्शनांत ती ‘लेझर’ या नांवानें ६९५ डॉलर किंमतीस मांडली गेली, आणि तेथेंच १४४ नौकांची मागणी नोंदली गेली. पुढें तिची संख्या दोन लाखांवर गेली आणि १९९६ सालीं ती ऑलिंपिकमध्यें पोंचली.

लेझरचा आराखडा मासिकांत छापून सर्वांच्या हातीं दिलेला नव्हता. अधिकार दिलेल्या कारखान्यानेंच ती बांधावयाची. डोलकाठी, शीड, सुकाणू, सर्व कांहीं अधिकृत मालच हवा. तसेंच दिसणारें शीड बाजारांत स्वस्त मिळालें, तरी तें शर्यतींत चालत नाहीं. यामुळें सारखेपणा असा साधला कीं आज कोणाही स्पर्धकानें कोणाचीही नौका घ्यावी आणि शर्यतीस उभें राहावें. मात्र ज्याच्या हातीं सांचा, त्याच्या हातीं सत्ता, हेंही त्याबरोबर आलें. २०१३ सालीं खुद्द कर्बी यांना आपल्या हक्कांसाठीं निर्मात्यांविरुद्ध अमेरिकेच्या न्यायालयांत जावें लागलें. २०१९ सालीं नाविकांच्या संघटनेचें एका मोठ्या निर्मात्याशीं फाटलें, तेव्हां ‘लेझर’ हें व्यापारी नांव त्याच्याकडे असल्यामुळें संघटनेला आपल्या नौकेचें नांवच बदलावें लागलें. जिच्यावर लक्षावधि माणसें शीड हाकावयास शिकलीं, ती नौका आतां ‘इल्का’ या आद्याक्षरांच्या नांवानें ओळखली जाते. कर्बी २०२१ सालीं, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षीं, निवर्तले.

डब्लिनच्या मंडळींनीं ज्या समतेचा ध्यास घेतला, तिच्याकडे जाणाऱ्या अशा ह्या दोन वाटा. पहिल्या वाटेनें आराखडा सर्वांचा होतो आणि न्याय मोजपट्टीच्या हातीं राहतो. तेथें फट राहते, आणि ती बुजविण्यासाठीं नियमांवर नियम करावे लागतात. दुसऱ्या वाटेनें फट उरत नाहीं, पण किल्ली एका हातीं जाते, आणि तो हात आंखडला तर साऱ्या नाविकांना वाट पाहत बसावें लागतें. स्नाइपच्या इतिहासाचें महत्त्व यांतच आहे. सांचे आले, कारखाने आले, तरी तिचे नियम नाविकांच्याच संघटनेच्या हातीं राहिले, आणि निरनिराळ्या देशांतील निरनिराळे कारागीर त्या नियमांत राहून ती बांधीत आले. एखादा कारखाना बंद पडला म्हणून नौका बंद पडली नाहीं.

१९३० सालीं न्यूपोर्टच्या पाण्यांत जी शर्यत झाली, ती किनाऱ्यावरून आणि प्रेक्षकनौकांवरून हजारों लोकांनीं पाहिली. खेळणारे मात्र मोजके होते. पुढच्या वर्षीं एका मासिकाच्या वाचकांपुढें जो आराखडा आला, त्यानें पाहणाऱ्याला खेळणारा केलें. मोटारीमागें ट्रेलरवर नौका बांधून शनिवारीं सकाळीं निघणारें जोडपें किंवा बापलेक आजही अनेक देशांच्या रस्त्यांवर दिसतात. त्यांना मागच्या शंभर वर्षांच्या या खटाटोपाची जाणीव असो वा नसो, सरोवराकांठीं पोंचल्यावर त्यांची नौका इतरांच्या नौकांशेजारीं बरोबरीच्या नात्यानें उभी राहते. त्यापुढें कोणीं पुढें जावयाचें, हें वारा आणि त्यांचे हात ठरवितात.